मेंदूच्या दुखापतीची भरपाई दाखल्यावरच्या टक्क्यांनी ठरू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय लोकअदालत झाली की मोटार अपघाताचे किती दावे तडजोडीने मिटले आणि किती कोटींची भरपाई मंजूर झाली, याच्या बातम्या जिल्ह्याजिल्ह्यांतून येतात. हाड मोडून नीट जुळलेल्या माणसाचा दावा असा लवकर सुटला तर चांगलेच आहे. पण त्याच गठ्ठ्यात डोक्याला मार लागलेल्यांचेही दावे असतात. ते घाईने मिटवले गेले, तर त्या कुटुंबाचे पुढच्या तीस-चाळीस वर्षांचे नुकसान होते. ही रक्कम कशी ठरते आणि कुठे चुकते, हे वाचकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे सविस्तर पत्र.

सर्वांत मोठा घोटाळा टक्क्यांचा आहे. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावर ‘४० टक्के कायम अपंगत्व’ असे लिहिलेले असते आणि दोन्ही बाजूंचे वकील तोच आकडा धरून तडजोडीला बसतात. वास्तविक राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात (२०१०, निकालसंग्रहात २०११) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची क्षमता किती गेली याची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायाधिकरणाने (मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाने) दुसरी शोधायची असते. त्यासाठी तीन गोष्टी पाहायच्या: दुखापतीनंतर माणूस काय करू शकतो आणि काय नाही, अपघाताआधी त्याचे काम काय होते, आणि ते काम किंवा पोट भरेल असे दुसरे काम तो आता करू शकतो का.

हिशेब मांडला की फरक कळतो. समजा, वय २८, घरोघरी वायरिंगची कामे घेणारा इलेक्ट्रिशियन, महिन्याची सिद्ध झालेली कमाई १८,००० रुपये. स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे कमाईच्या भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे. महिन्याचे झाले २५,२००, वर्षाचे ३,०२,४००. सरला वर्मा निकालातील (२००९) तक्त्यात २६ ते ३० वयासाठी गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे तो आकडा) १७ आहे. गुणाकार येतो ५१,४०,८०० रुपये. ही संपूर्ण कमाई बुडाल्याची रक्कम. दाखल्यावरचे ४० टक्के लावले तर हातात येतात २०,५६,३२०. पण या माणसाला आता फिट येतात. तो शिडीवर चढू शकत नाही, चालू लाइनवर हात घालू शकत नाही, मेन स्विच बंद केला की नाही हे पाच मिनिटांनी त्याच्या लक्षात राहत नाही. त्याच्या धंद्यापुरते हे अपंगत्व शंभर टक्के आहे. बसून करायचे एखादे हलके काम त्याला जमेल असे न्यायाधिकरणाला वाटले आणि ७० टक्के धरले, तरी रक्कम ३५,९८,५६० होते. दाखला तोच, माणूस तोच, आणि फक्त प्रश्न नीट विचारल्यामुळे पंधरा लाखांहून अधिक फरक.

या गणितात आणखी तीन चुका सर्रास होतात. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या वैयक्तिक खर्चापोटी एक तृतीयांश वजावट करतात, तीच सवयीने जखमीच्या दाव्यातही केली जाते. ती करायची नसते; माणूस जिवंत आहे, त्याचा खर्च चालूच आहे. दुसरी चूक म्हणजे ‘जखमीला भावी वाढ मिळत नाही’ असे सांगून ४० टक्के वगळणे. कायम अपंगत्व असेल तर ती मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. तिसरी चूक गृहिणींच्या बाबतीत होते. ‘कमाई नाही’ म्हणून त्यांना नाममात्र रक्कम धरली जाते. २०२१ च्या निकालानंतर गृहिणीच्या कामाचे मोल काल्पनिक उत्पन्न म्हणून धरून त्यावर भावी वाढही मागता येते. ज्याच्याकडे पगारपत्रक नाही त्याने बँक खात्याचा उतारा, यूपीआयच्या नोंदी, आयकर विवरणपत्र, ठेकेदाराची साक्ष, जे असेल ते लावावे. काहीच लावले नाही तर हिशेब किमान वेतनावर येतो.

आता मूळ अडचणीकडे येतो. मेंदूच्या दुखापतीत टक्के कमी का लिहिले जातात? कारण तपासणारा बहुधा अस्थिरोगतज्ज्ञ असतो. तो हातापायांची ताकद पाहतो, सांधे वाकवून पाहतो. रुग्ण चालत आत आलेला असतो, नाव-गाव बरोबर सांगतो. कपाळामागच्या भागाला मार लागला असेल तर त्याचे परिणाम अशा तपासणीत दिसतच नाहीत: कामाची सुरुवातच न करणे, एकातून दुसऱ्या पायरीवर न जाणे, क्षुल्लक कारणावरून भडकणे, पैशांचे भान सुटणे, नवीन काही लक्षात न राहणे. बायको सांगते, ‘हे पहिले राहिले नाहीत,’ पण ते कोणी लिहून घेत नाही.

हे मोजण्याची पद्धत आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून न्यूरोसायकॉलॉजिकल चाचण्या करून घ्याव्यात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने तयार केलेला चाचण्यांचा संच आपल्याकडे वापरला जातो. त्यात अवधान, नवे शिकण्याची स्मृती, विचारांचा वेग, नियोजन, निर्णयक्षमता वेगवेगळी तपासली जाते. काम काही तासांचे असते आणि रुग्ण लवकर थकतो, म्हणून ते दोन बैठकांत विभागणे बरे. चाचणी रुग्णाच्या भाषेत आणि त्याच्या शिक्षणाला धरून झाली पाहिजे. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला इंग्रजी शब्दांची यादी पाठ करायला लावली, तर उलटतपासणीत तो अहवाल टिकत नाही. अहवालावर मानसशास्त्रज्ञाचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असावा. सहा ते बारा महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा करावी, म्हणजे सुधारणा थांबली आहे हे दाखवता येते. वागणुकीतील बदल ठळक असतील तर मानसोपचारतज्ज्ञाकडून ‘आयडियाज’ मोजपट्टीवरही मूल्यमापन करून घ्यावे. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज, आणि काम अशा चार बाबी त्यात पाहतात.

पहिल्या दिवसाची कागदपत्रे फार मोलाची असतात आणि नेमकी तीच हरवतात. कॅज्युअल्टीत आणल्यावर, भूल किंवा श्वासनळीत नळी देण्याआधी, ग्लासगो कोमा स्केलवर किती गुण होते ते लिहिलेले पान मिळवा. ही मोजणी ३ ते १५ अशी असते. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर दुखापत, ९ ते १२ मध्यम, १३ ते १५ सौम्य. ‘सौम्य’ या शब्दावर विमा कंपनी जोर देते. पण ती त्या क्षणाच्या शुद्धीची मोजणी आहे, पुढच्या आयुष्याची नव्हे. पहिला सीटी स्कॅन स्वच्छ आला तरी मेंदूतील तंतू ताणले-तुटलेले असू शकतात; त्यासाठी एमआरआय लागतो आणि त्यात बारीक रक्तस्राव दाखवणारा एसडब्ल्यूआय हा क्रम मागून घ्यावा लागतो. रुग्णाला अपघातानंतर किती दिवसांपर्यंतचे काहीच आठवत नाही, याचीही नोंद डॉक्टरांकडून करून घ्यावी. आठवणीतले हे रिकामे दिवस दुखापतीची खोली सांगतात.

नुसता दाखला दाव्यात जोडून भागत नाही. उपचार करणाऱ्या किंवा तपासणी करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हावी लागते, नाहीतर त्या कागदाला वजन येत नाही. डॉक्टर कोर्टात यायला नाखूश असतात, हे खरे आहे; त्यांना ठरलेली वेळ देऊन किंवा कमिशनवर (कोर्टाने नेमलेल्या व्यक्तीसमोर, कोर्टाबाहेर) साक्ष नोंदवता येते, तसा अर्ज द्यावा. उलटतपासणीतील प्रश्न ठरलेले असतात: तुम्ही स्वतः उपचार केले का, किती वेळ तपासले, टक्के कोणत्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काढले, ते एका अवयवाचे की संपूर्ण शरीराचे? शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ दावे घसरतात. डॉक्टरांच्या जोडीला मालकाची किंवा सहकाऱ्याची साक्ष घ्यावी: हजेरीपट, अपघातानंतर कामावर घेऊन पाहिले असेल तर दिलेले मेमो, झालेल्या चुका. कमाईची क्षमता किती गेली हे ठरवताना अशी साधी साक्ष डॉक्टरांच्या अहवालाइतकीच उपयोगी पडते.

वेळेचे गणितही मेंदूच्या जखमीच्या विरोधात जाते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, दावा दाखल करण्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. या मुदतीला आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कोणी थांबू नये. उलट बाजूला, मेंदूची सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत जलद आणि नंतर हळूहळू वर्ष-दोन वर्षे चालते. फिट पहिल्यांदा अपघातानंतर वर्षभरानेही येऊ शकते. मेंदूत पाणी साचून शंट (ते पाणी वाहून नेणारी नळी) बसवण्याची वेळही उशिरा येऊ शकते. म्हणून मार्ग एकच: दावा मुदतीत दाखल करा, पण पुरावा बंद करायची आणि तडजोडीची घाई करू नका. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्यात ‘गंभीर दुखापत’ एवढेच न लिहिता डोक्याच्या दुखापतीचा उल्लेख आला आहे का, ते पाहा. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. आज पुरसिसवर (कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या लेखी निवेदनावर) सही केली आणि पुढच्या वर्षी फिट सुरू झाल्या, तर त्या औषधांचा एक रुपयाही मागता येत नाही.

आम्हाला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी बाब म्हणजे मदतनिसाचा खर्च. गंभीर जखमीच्या दाव्यात खरे तर हा सर्वांत मोठा आकडा असायला हवा, आणि पुष्कळ दाव्यांत तो मागितलेलाच नसतो, कारण सगळे घरची बाई करत असते. सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा एक निकाल प्रत्येक वकिलाने जवळ ठेवावा. बारा वर्षांच्या मुलीला २००७ च्या अपघातात मेंदूला इजा झाली आणि तिची समज काही महिन्यांच्या बाळाएवढी राहिली. उच्च न्यायालयाने सुमारे २५ लाख ७८ हजार दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते ६२ लाख २७ हजारांवर नेले. मदतनिसांसाठी महिना ५,००० प्रमाणे दोघांचे १०,००० धरले आणि त्याला १८ चा गुणक लावला: २१,६०,०००. बुडालेल्या कमाईसाठी मुलीचे काल्पनिक तुटपुंजे उत्पन्न न धरता कुशल कामगाराचे किमान वेतन धरले आणि त्यावर ४० टक्के वाढ दिली. वेदना व आयुष्यातील आनंद गमावल्यापोटी १५ लाख, पुढील उपचारांसाठी ५ लाख, विवाहाची शक्यता गेल्यापोटी ३ लाख, आणि व्याज साडेसात टक्के. २०२४ च्या डिसेंबरमध्ये याच वाटेने जाऊन न्यायालयाने दिल्लीतील २००९ च्या अपघातात सापडलेल्या सात वर्षांच्या मुलीची भरपाई ११ लाख ५१ हजारांवरून ५० लाख ८७ हजार केली. तिच्या दाखल्यावर ७५ टक्के होते.

वरच्या इलेक्ट्रिशियनला दिवसभर कोणीतरी जवळ लागते असे सिद्ध झाले, आणि मदतनिसाचे महिन्याला १२,००० धरले, तर १७ च्या गुणकाने २४,४८,००० होतात. रात्रपाळीचा दुसरा मदतनीस लागत असेल तर ४८,९६,०००. आई किंवा पत्नी फुकट करते म्हणून हा खर्च शून्य होत नाही. तिने नोकरी सोडली असेल तर राजीनाम्याचे पत्र लावा. ब्युरोची मावशी किंवा मामा ठेवला असेल तर प्रत्येक महिन्याची पावती घ्या, रोखीने देऊ नका. आणि डॉक्टरांकडून नेमके लिहून घ्या: किती तास, कशासाठी (अंघोळ, कूस बदलणे, नळीने अन्न, फिटच्या वेळी जवळ असणे), आणि किती वर्षे.

पुढील उपचारांबाबत ‘भविष्यात खर्च येईल’ असे मोघम वाक्य लिहिले की एक-दोन लाख मिळतात. न्यूरोसर्जनकडून अंदाजपत्रक आणले तर तो आकडा बदलतो: कवटीचा काढलेला तुकडा परत बसवण्याची शस्त्रक्रिया, शंट बसवणे आणि तो बंद पडल्यास बदलणे, फिटच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च, फिजिओथेरपी व वाचा-उपचारांच्या बैठका, डायपर, एअर बेड, राईल्स ट्यूब (नाकातून अन्न देण्याची नळी), व्हीलचेअर दर काही वर्षांनी. झालेल्या खर्चाच्या बाबतीत महाराष्ट्रातील दावेदारांना एक मोठा दिलासा मिळाला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवले की मेडिक्लेममधून मिळालेले पैसे अपघात भरपाईच्या वैद्यकीय खर्चातून वजा करता येत नाहीत. अडचण एवढीच की मूळ बिले मेडिक्लेम कंपनीकडे गेलेली असतात. देण्याआधी हॉस्पिटलकडून साक्षांकित प्रती घ्याव्यात आणि बिलांचे साक्षीदार म्हणून हॉस्पिटलच्या बिलिंग विभागातील माणसाला बोलवावे.

हेल्मेट नव्हते, तिघे बसले होते, हा मुद्दा विमा कंपनी काढणारच. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघे बसण्याच्या संदर्भात सांगितले की नुसता नियमभंग पुरेसा नाही. त्याचा अपघाताशी किंवा झालेल्या इजेशी संबंध दाखवावा लागतो. ‘इजेशी संबंध’ या दुसऱ्या भागामुळे डोक्याच्या दुखापतीत हेल्मेटचा मुद्दा दुबळा राहत नाही, हे दावेदाराने आधीच ओळखावे. हेल्मेट घातले होते तर ते पंचनाम्यात जप्त झालेले दाखवा, फुटलेले असले तरी टाकू नका.

उपचारांतील हलगर्जीपणाने मेंदूला इजा झाली असेल (प्रसूतीच्या वेळी बाळ गुदमरणे, भूल देताना प्राणवायू कमी पडणे) तर वाट वेगळी आहे. तिथे आधी हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो आणि दाव्यांची खरी गळती तिथेच होते. प्रसूतीच्या प्रकरणात सीटीजीचा कागद (बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचा आलेख), बाळाचे अपगार गुण (जन्मताच तपासलेल्या स्थितीचे) आणि पहिल्या दिवसांतील एमआरआय यांच्याशिवाय पुढे जाऊ नये. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत डॉक्टरांनी कागदपत्रे द्यायची असतात, आणि ती तीन वर्षेच जपण्याचे बंधन आहे. मागणी लेखी करून पोच घ्यावी. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षे. आयोग कोणता, हे मागितलेल्या भरपाईवर नाही तर हॉस्पिटलला दिलेल्या पैशांवर ठरते: ५० लाखांपर्यंत जिल्हा, २ कोटींपर्यंत राज्य. जिथे सर्वांनाच उपचार पूर्ण मोफत मिळतात, अशा रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. दिवाणी दावा करावा लागतो. गुणकाची चौकट इथे बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे, त्यामुळे खर्चाचा तपशील आणखी काटेकोर लागतो. १९९८ च्या एका महत्त्वाच्या निकालात, चुकीच्या इंजेक्शनने मेंदू निकामी झालेल्या मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना त्यांच्या यातनांपोटी वेगळे पाच लाख देण्याचा आदेश कायम झाला. आईवडीलही स्वतःच्या हक्काने ग्राहक आहेत, हे अनेक तक्रारींत आजही मांडले जात नाही.

आमच्या दोन मागण्या आहेत. जिल्हा रुग्णालयांच्या अपंगत्व मंडळावर डोक्याच्या दुखापतीच्या प्रत्येक प्रकरणात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असलाच पाहिजे. जागा रिक्त असेल तर मंडळाने रुग्णाला वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवावे, अंदाजाने टक्के लिहू नयेत. आणि लोकअदालतीच्या पॅनेलने अशा दाव्यात तडजोड नोंदवण्यापूर्वी मदतनीस, पुढील उपचार आणि कमाईची क्षमता हे तीन आकडे वेगवेगळे लिहायला लावावेत.

कुटुंबांसाठी शेवटची सूचना मिळालेल्या रकमेबद्दल. ज्याला व्यवहाराचे भान नाही त्याच्या नावाने वकीलपत्रावर अंगठा घेऊ नये. जवळच्या नातेवाइकाने वादमित्र (त्याच्या वतीने दावा चालवणारा) म्हणून अर्ज करावा, नाहीतर पुढे सगळीच कार्यवाही अडचणीत येते. रक्कम मुदत ठेवीत ठेवून दरमहा व्याज मिळेल असा आदेश मागावा, कारण मदतनिसाचा पगार दरमहा द्यायचा असतो. त्याच आदेशात हेही लिहून घ्यावे की शंट किंवा तत्सम शस्त्रक्रियेची वेळ आली, तर हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकावर बँकेने ठेवीतील रक्कम थेट हॉस्पिटलला द्यावी. हे वाक्य आदेशात नसेल तर रुग्ण ऑपरेशन थिएटरच्या दारात असताना नातेवाइकांना नव्या अर्जासाठी कोर्टात धावावे लागते.

आपले,
मोटार अपघात दावे व मेंदूच्या दुखापतीनंतरचे पुनर्वसन या क्षेत्रांत काम करणारे काही वकील आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, पुणे